मामांचा गाडा आणि मामींची वही

गेल्या महिन्यातल्या पत्रांच्या गठ्ठ्यात एका ताईंचं पत्र होतं. ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून बसूनच राहिले. ताई तालुक्याच्या गावी राहतात. यजमानांना बऱ्यापैकी नोकरी आहे, दोन मुलं शाळेत, सासूबाई जवळ. यजमान निर्व्यसनी, स्वभावाने प्रेमळ. तक्रार एकच. बैलगाड्याच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून यजमानांनी चुलतभावाबरोबर एका बैलात भागी घेतली आहे. रविवार आला की स्वारी घाटात. पगारातले किती पैसे तिकडे जातात याचा पत्ता नाही. आता दुसऱ्या बैलासाठी ताईंच्या पाटल्या मागताहेत! ताई विचारतात, "दारू पीत असते तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. पण ह्या नादाला काय म्हणू? भांडू, की गप्प बसू?"

ताई, तुमच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देणं मला जमायचं नाही. कारण पत्र वाचता वाचता मला तुमचे यजमान दिसलेच नाहीत. दिसले ते आमचे थोरले मामा. डोक्याला गुलालानं माखलेला फेटा, खांद्यावर कासरा आणि चेहऱ्यावर पहिल्या नंबरात पास झालेल्या पोराचं हसू. तेव्हा आज आधी मामांची गोष्ट सांगते. उत्तर तिच्यातच आहे.

माझं आजोळ पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीजवळच्या एका वाडीवर. हा सगळा भाग कमी पावसाचा. बाजरी, ज्वारी आणि विहिरीला पाणी असलं तर कांदा. आम्ही भावंडं मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे जायचो, तेव्हा यात्रा-जत्रांचा मोसम अगदी भरात असायचा. चैत्रात निघोजच्या मळगंगेची यात्रा, मग या गावची, त्या गावची. मामा प्रत्येक देवीला मनोभावे नारळ फोडायचे हे खरं. पण नारळ फुटला की त्यांचे पाय आपोआप घाटाकडे वळायचे, हेही तितकंच खरं!

शहरातल्या मैत्रिणींना 'घाट' म्हटलं की खंडाळ्याचा घाट आठवेल. आमच्याकडे, म्हणजे पारनेर, शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात, शर्यतीचा घाट म्हणजे चढावर आखलेली धावेची वाट. वजनानं हलका असा गाडा, त्याला जुंपलेली एक जोडी, तिच्यापुढे आणखी एक जोडी आणि सगळ्यांच्या पुढे घोडीवरचा स्वार. घोडीच्या मागे चार बैल जीव तोडून चढ चढतात. एका गाड्याच्या अशा एका धावेला 'बारी' म्हणायचं. ज्याची बारी सगळ्यांत कमी वेळाची, तो त्या दिवसाचा 'घाटाचा राजा'. आणि ही बारी किती वेळाची असते म्हणता? चांगला गाडा अकरा, बारा, तेरा सेकंदांत निशाणापाशी पोचलेला असतो. चुलीवर उतू जाणारं दूध उतरवायला आपल्याला जेवढा वेळ लागतो ना, तेवढाच!

या बारा सेकंदांसाठी आमचं आजोळ बारा महिने राबायचं.

शर्यतीचा बैल म्हणजे खिलार. पांढराशुभ्र, लांब, मागे वळलेल्या शिंगांचा, पायानं चपळ आणि डोक्यानं तापट. मूळचा माणदेशाकडचा. मामा बेल्ह्याच्या बैलबाजारात जायचे ते पोरीला स्थळ बघायला जावं तसे! खूर बघायचे, छाती बघायची, शेपूट बघायची, चालवून बघायचे आणि घरी आल्यावर चार दिवस दुसरा विषय नाही. बैल दावणीला आला की त्याचा खुराक सुरू. शेंगदाण्याची पेंड, सरकी, भिजवलेले उडीद, गव्हाच्या पिठाचे गूळ घालून केलेले गोळे, दूध, वेळप्रसंगी तूप आणि अंडीसुद्धा. हे गोळे वळायचं कुणी? मामींनी. पहाटे उठून उडीद वाटायचे कुणी? मामींनी. शर्यत जिंकली की पुकारा मात्र मामांच्या नावाचा. यात नवल ते काय? तुमच्या-माझ्या घरी तरी याहून वेगळं काय असतं, सांगा बरं!

पण मामा वाईट माणूस नव्हते हो. हे मला आवर्जून सांगायचं आहे, कारण नादी माणूस म्हटलं की आपण लगेच त्याला घरबुडव्या ठरवून मोकळ्या होतो. मामांनी तिन्ही पोरांना शाळेत घातलं. मुलगी शिकायला तालुक्याला जायची, तिला एस. टी. च्या फाट्यापर्यंत रोज पोचवून यायचे. मामी आजारी पडल्या तर स्वतः चुलीपुढे बसून भाकरी थापायचे. त्या भाकऱ्यांना कडा कमी नि कोपरेच जास्त असायचे, पण थापायचे! यात्रेहून येताना बांगड्या, रेवड्या, भत्ता आणल्याशिवाय घरात पाऊल नाही. १९७२ च्या दुष्काळात दोघं नवराबायको दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. घरात लाल मिलोच्या भाकऱ्या खाल्ल्या, पण दावणीचं एकही जनावर त्यांनी बाजारात नेलं नाही. पुढे १९७५ नंतर राळेगणला अण्णा हजाऱ्यांनी दारूचे गुत्ते बंद करायला सुरुवात केली, पाझर तलावाची दुरुस्ती झाली, चराईबंदी आली. त्या वाऱ्याचा आजूबाजूलाही परिणाम झाला. मामांनी तेव्हा गाड्याच्या मंडळींना एक नियम घालून दिला. "जो पिऊन आला, त्यानं माझ्या बैलाच्या वेसणीला हात लावायचा नाही." या नियमापायी दोन चांगले हाताखालचे गडी गेले. मामांनी ते जाऊ दिले.

मग घोडं अडलं कुठे? अडलं पैशात. हौसेला मोल नाही म्हणतात. पण मोल नसलं तरी बिल येतंच! कांद्याची पट्टी आली की निम्मी पेंडीवाल्याच्या दुकानात. टेम्पोचं भाडं, गड्यांचं जेवण, गोंडे, झुली, घुंगरांच्या माळा. एक वर्षी पुढे पळायला दुसऱ्याची घोडी आणली आणि ती पंधरा दिवस आमच्याच दावणीला! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण मामी तेव्हा उठताबसता म्हणायच्या. त्या वर्षी मोठ्या मुलाच्या पुस्तकांना पैसे उरले नाहीत. मामींनी शेजारणीकडून उसने आणले आणि ते फेडताना त्यांना कुणाकुणाचं काय काय ऐकावं लागलं, ते त्यांनाच ठाऊक.

इथे मैत्रिणींनो, मामींनी काय केलं ते लक्ष देऊन वाचा. मामी चौथी शिकलेल्या. त्या ना भांडल्या, ना माहेरी निघून गेल्या, ना देवाला कौल लावला. त्यांनी मुलाच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं फाडली, सुईदोऱ्यानं शिवली आणि हिशेब लिहायला बसल्या. डाव्या पानावर 'आले', उजव्या पानावर 'गेले'. शर्यतीचा प्रत्येक पैसा. पेंड किती, दोर किती, भाडं किती, कुणाला उसने दिले, कुणाचे घेतले. बक्षिसाची तांब्याची घागर मिळाली तर डाव्या पानावर 'घागर १' असंही! मामा हसायचे. म्हणायचे, "आमच्याकडे घरातच तलाठी बसवलाय."

आणि ही वही वाचायचा दिवस त्यांनी कोणता निवडला असेल? दिवाळीचा पाडवा! त्या दिवशी दुकानदार वहीपूजन करतात आणि बायको नवऱ्याला ओवाळते. मामींनी मामांना पाटावर बसवलं, ओवाळलं, ओवाळणी पदरात घेतली. मग निरांजन बाजूला सरकवून वही उघडली आणि वर्षाचा जमाखर्च मोठ्यानं वाचून दाखवला. रागाचा एक शब्द नाही, टोमणा नाही. नुसते आकडे. पहिल्या पाडव्याला मामा हसले. दुसऱ्या पाडव्याला हसू अर्ध्यावर थांबलं. तिसऱ्या पाडव्याला त्यांनी वही हातात घेतली, पानं उलटी-सुलटी केली आणि म्हणाले, "बरं, मग तूच सांग. किती खर्चू?"

ताई, हा प्रश्न नवऱ्याच्या तोंडून यायला मामींना तीन वर्षं लागली. पण तो आला म्हणून घर तरलं. मामींनी वाटणी सांगितली. कांद्याची पट्टी आली की आधी घरखर्च, मग पुढच्या पिकाचं बी-खत, मग पोरांची शाळा, मग दुखण्याखुपण्याला चार पैसे. उरेल त्यात शौकाचा वाटा. त्या वाट्यातून बैलाला तूप पाजा नाहीतर सोन्याची झूल घाला, मी विचारणार नाही. त्यापलीकडे एक पैसाही नाही, आणि माझ्या गळ्यातल्या-हातातल्याला कुणी हात लावायचा नाही. मामांनी ते शेवटपर्यंत पाळलं. एकदा एक देखणा बैल हातचा गेला, रात्रभर झोपले नाहीत, पण पाळलं.

आता दुसरी गोष्ट सांगते. ही पैशाची नाही, पैशाहून मोठी आहे.

मी तेव्हा दहावीच्या सुट्टीत आजोळी होते. मामांचा गाडा त्या दिवशी पहिला आला. संध्याकाळी सगळी वाडी रस्त्यावर. हलगी, गुलाल, भंडारा. मामी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभ्या. बैलांच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि नेहमीच्या सवयीनं 'राजा'च्या पाठीवरून हात फिरवला. हात लाल झाला. आम्हांला वाटलं, गुलाल. पण गुलाल कोरडा असतो. हे ओलं होतं. मामींनी पदरानं पुसून पाहिलं, तर मांडीवर खिळ्याच्या टोचण्या. बारी सुटायच्या वेळी कुणीतरी काठीला खिळा ठोकून टोचलं होतं.

मामींनी ताट तसंच खाली ठेवलं. सगळ्या वाडीसमोर. ओवाळलं नाही. "हा माझ्या हातून खातो," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. हलगी थांबली. मामांचा चेहरा असा उतरला की बघवेना. चारचौघांत बायकोनं मान खाली घालायला लावली म्हणून पुरुष काय काय करतात, ते आपण सगळ्या जाणतोच. मामा काही बोलले नाहीत. रात्री मामींनी कडुनिंबाचा पाला घालून पाणी उकळलं, कोमट करून त्या जखमा धुतल्या, हळद दाबली. मामा गोठ्याच्या दारात कंदील धरून उभे होते. सकाळी मी दात घासायला बाहेर आले तर मामा चुलीपुढे बसले होते. खिळ्याची काठी कोयत्यानं तोडून तिचे तुकडे त्यांनी चुलीत सारले होते. मामींना म्हणाले, "पाणी तापलंय. आंघोळीला घे."

एवढीच त्यांची माफी. पण पुढे मामांच्या गाड्यापाशी कुणी पराणी, खिळा, बॅटरी आणली नाही की बैलाची शेपूट पिरगाळली नाही. त्यानंतर किती तरी यात्रांत गाडा पहिल्यात आला नाही. लोक चेष्टा करायचे, "तुमचे बैल पोळ्याचे, पूजेपुरते!" मामा म्हणायचे, "असू द्या. घरी ताट मिळतंय."

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण पुढे कोर्टकचेऱ्यांत जो वाद वर्षानुवर्षं चालला, त्याचं मूळ हेच होतं. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारनं, ज्या प्राण्यांचे खेळ करायला मनाई आहे त्यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली राज्यानं कायदा केला, त्यालाही उच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. शर्यतवाले म्हणायचे, ही आमची परंपरा, यामुळेच खिलार टिकला. प्राण्यांची बाजू मांडणारे म्हणायचे, मुक्या जिवाला टोचून, डिवचून पळवणं ही कसली परंपरा? दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे असं मला वाटतं. आणि मामींच्या अंगणात त्या संध्याकाळी दोन्ही बाजू एकदमच उभ्या होत्या.

बंदीच्या त्या वर्षांत मामा म्हातारे झाले. गावोगावच्या लोकांनी शर्यतीचे बैल विकून टाकले. नुसतं बसवून एवढा खुराक कोण घालणार? मामांनी शेवटची जोडी विकली नाही. रोज पहाटे तिला पाझर तलावावर पोहायला न्यायचे आणि सावकाश परत आणायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, आता कशाला एवढी मेहनत? शर्यत कुठाय?" तर म्हणाले, "तुझे वडील रिटायर झाल्यावर तुम्ही त्यांना बाजारात नेलं होतं का?" मी गप्प! खुराक मात्र शौकाच्या वाट्यातूनच. वहीत शेवटपर्यंत नोंद आहे.

२०१८ च्या हिवाळ्यात मामा गेले. सकाळी बैलांना वैरण टाकून ओट्यावर येऊन बसले, ते बसलेच. घाट पुन्हा सुरू झालेला बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि चौथ्या दिवशी एक गृहस्थ आले. म्हणाले, "मागं बैल घेतला होता त्याचे पैसे राहिलेत. मेलेल्या माणसाचं मागणं बरं दिसत नाही, पण काय करणार!" रक्कम लहान नव्हती. मुलं गोंधळली. बापाच्या अब्रूचा प्रश्न, देऊन टाकू म्हणाली. मामी आत गेल्या आणि कपाटातून वह्यांची चळत घेऊन आल्या. साल काढलं, पान काढलं. बैलाची किंमत, दोन हप्ते, तारखा आणि शेवटच्या हप्त्यापुढे त्याच गृहस्थांची सही! ते पाणीही न पिता गेले. त्या दिवशी शिवलेल्या कागदाच्या त्या वहीनं माझ्या मामेभावांचा एक एकराचा तुकडा वाचवला, असं मी म्हणते. मामी तसं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "ह्यांचं नाव वाचलं."

जाता जाता सांगते, मामींनी आणखी एक शहाणपण केलं. दुःखात बुडून न जाता तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला आणि सातबाऱ्यावर मुलामुलींबरोबर स्वतःचं नाव लावून घेतलं. मैत्रिणींनो, घरचा कर्ता गेल्यावर ही गोष्ट 'नंतर बघू' म्हणून ठेवायची नसते.

१६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्यांचा दाखला लागतो, काठी-चाबूक-बॅटरीला मनाई आहे. बक्षिसंही घागरी नि फेट्यांवरून मोटारसायकली नि ट्रॅक्टरवर गेली आहेत. साहजिकच माझ्या धाकट्या मामेभावाचं रक्त उसळलं. आईकडे येऊन म्हणाला, बैल घेतो. मामींनी नाही म्हटलं नाही. एक कोरी वही त्याच्या बायकोच्या हातात दिली!

आणि त्याच वर्षी एक नवल घडलं. धाकटी सून हट्टाला पेटली, "आत्याबाई, आपण दोघी घाटात जायचंच." मामींनी आयुष्यभर गोळे वळले, उडीद वाटले, जखमा धुतल्या, पण शर्यत एकदाही पाहिली नव्हती. बायका देवळात जायच्या, घाटात नाही. त्या दिवशी त्या मांडवाच्या सावलीत खुर्चीवर बसल्या. मुलाची बारी आली. धूळ उठली, आरोळी उठली आणि संपलंसुद्धा. मामींनी सुनेला विचारलं, "झालं? एवढंच?"

"एवढंच, आत्याबाई."

मामी मला सांगत होत्या, "बाई, आधी हसूच आलं. म्हटलं, ह्या एवढ्याशासाठी मी पन्नास वर्षं उडीद वाटले! मग बघितलं तर पोरगा बैलाच्या गळ्यात पडून रडत होता. तुझे मामा असेच रडत असतील गं. घरी यायचे तोवर तोंड धुतलेलं असायचं."

तर ताई, आता तुमच्या प्रश्नाकडे येते. भांडू की गप्प बसू, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणते, दोन्ही नको. मामींच्या चालीनं चाला.

पहिलं, आजच एक वही घाला. नादाचा खर्च घरखर्चात मिसळू देऊ नका. भागीतला बैल असेल तर भागीचा कागद करा, कुणाचा वाटा किती नि खुराकाचा खर्च कुणाचा ते लिहून दोघांच्या सह्या घ्या. भाऊबंदकीत तोंडी व्यवहार फार गोड असतो, पहिलं भांडण होईपर्यंत!

दुसरं, यजमानांशी बोला, पण बारी हरून आल्याच्या रात्री नाही आणि सासूबाईंच्या देखतही नाही. शांतपणे आकडे दाखवा. फी, घरभाडं, औषधं, बचत हे सगळं वजा जाता जो उरेल, त्यातला एक ठराविक वाटा त्यांचा. त्या वाट्याबद्दल मात्र नंतर कुरकुर करायची नाही. माणसाला आयुष्यात एखादी हौस असू द्यावी. तुमचीही एखादी असेल, तिचाही वाटा त्याच वहीत मांडा. हे विसरू नका!

तिसरं, पाटल्या द्यायच्या नाहीत. तुमचं स्त्रीधन कायद्यानं तुमचं आहे. 'नाही' हा शब्द हसून म्हणता येतो, पण म्हणावा लागतो.

चौथं, शर्यतीवर पैजा लावल्या जात असतील तर तिथे तडजोड नको. हौस वेगळी, जुगार वेगळा. तिथे वाट्याचा प्रश्नच येत नाही.

पाचवं, बैलाचा दाखला बघायला मागा आणि जमेल तेव्हा त्याच्या पाठीवरून स्वतः हात फिरवा. हात कोरडा निघाला पाहिजे. तुमच्या घरच्या पैशानं त्या मुक्या जिवाला कुणी टोचत असेल, तर ते तुम्हांला कळलंच पाहिजे.

आणि शेवटचं. एकदा यजमानांबरोबर घाटात जा. नाक मुरडायला नव्हे, आपला माणूस तिथे कसा दिसतो ते बघायला. मामींना ते कळायला फार उशीर झाला. तुम्हांला होऊ नये.

वहीचं काय झालं ते पाडव्यानंतर जरूर कळवा.

ता. क. — मामींच्या घरात बक्षिसाच्या चार तांब्याच्या घागरी आहेत आणि चारही आरशासारख्या लखलखतात. कृती विचारून घेतली आहे. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढावा, त्यात चमचाभर जाड मीठ घालून नारळाच्या शेंडीनं बाहेरून घासावं. चिंच भांड्यावर वाळू देऊ नये, डाग पडतात. लगेच स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरड्या फडक्यानं पुसावं. ओलं ठेवलं की तांबं पुन्हा काळवंडतं.